प्रभातचा ‘संत तुकाराम’ आणि २०१२ चा ‘तुकाराम’

‘तुकाराम बघितला’ असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न हमखास येतो, कुठला? हे दोन्ही सिनेमे नावामुळे कायम एकमेकांत मिसळतात आणि मग एकाची अपेक्षा ठेवून दुसऱ्याला नावं ठेवली जातात.

काळा-पांढरा पडदा, विष्णुपंत पागनीस, शेवटी वैकुंठाला जाणारं गरुडाचं विमान हा प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’. साल १९३६, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. रंगीत, जितेंद्र जोशी तुकोबांच्या भूमिकेत आणि राधिका आपटे त्यांची बायको आवली, तो चंद्रकांत कुलकर्णी यांचा २०१२ चा ‘तुकाराम’.

खरा फरक गोष्ट कुठून सुरू होते यात आहे. प्रभातचे तुकोबा पहिल्या अभंगापासूनच विठ्ठलात रमलेले आहेत. ते संत कसे झाले, हा प्रश्न त्या सिनेमाला पडतच नाही. त्याला दाखवायचंय ते असा माणूस घरात असला की संसाराचं काय होतं ते. म्हणून माझ्या मते तो सिनेमा जितका पागनीसांचा, तितकाच गौरी यांच्या आवलीचा आहे. मूल आजारी, घरात काही नाही, तेव्हा ती पोराला ओढत देवळात नेते आणि पायातली चप्पल हातात घेऊन विठोबालाच जाब विचारते. अभिनय म्हणावा असं तिथं काही दिसतच नाही. एखादी बाई रागावते तशी ती रागावते, बस्स. ‘जुने सिनेमे नाटकी असतात’ म्हणणाऱ्यांनी एवढा एक प्रसंग बघावाच.

त्यात चमत्कार भरपूर आहेत आणि ते अगदी सरळपणे दाखवलेत. ते खटकले तर सिनेमा हातातून निसटतो. पण पागनीस इतके साधे, ठाम गातात की मला त्या श्रद्धेबद्दल शंका घ्यावीशी वाटली नाही.

२०१२ चा सिनेमा बालपणापासून सुरू होतो. छोटा तुकाराम पद्मनाभ गायकवाडने फार गोड केलाय. पुढे घरचं दुकान, पहिली बायको रखमा (वीणा जामकर), मग १६३० च्या सुमाराचा तो भीषण दुष्काळ. डोळ्यांदेखत माणसं जातात आणि एका वाण्याच्या मनात काय काय मोडतं, हे इथं कळतं. प्रभातच्या सिनेमात ही बाजू जवळजवळ नाहीच. मला हा भाग सर्वांत आवडला. उत्तरार्धात मात्र बरंच सांगायचं असल्यामुळे प्रसंग भराभर येतात आणि आवलीला हवी तेवढी जागा मिळत नाही.

विरोधकही वेगळे. प्रभातकडे तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा सालोमालो, तर २०१२ मध्ये शरद पोंक्षे यांचा मंबाजी. पहिला गंमत आणतो, दुसरा भीती.

गाण्यांतला घोळ मात्र सिनेमाबाहेरही पसरलाय. ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचा अभंग समजून अनेक जण गातात. तो गाथेत नाही. प्रभातच्या सिनेमासाठी शांताराम आठवले यांनी तो लिहिला आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल लावली.