कॅरोलाइन नॉर्टन: एका आईने बदलायला लावलेला कायदा

मार्च 1836. कॅरोलाइन नॉर्टन लंडनमध्येच बहिणीकडे गेली होती, तेवढ्यात नवरा जॉर्ज याने तिन्ही मुलं घरातून हलवली. तेव्हाच्या इंग्लिश कायद्यात मुलांवर हक्क एकट्या बापाचा. ती कवयित्री होती, कादंबरीकार होती, तिच्या लेखणीवर घर चालत होतं. पण ती कमाईही कायद्याने नवऱ्याचीच.

त्याच जूनमध्ये जॉर्जने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न यांच्यावर कॅरोलाइनशी व्यभिचार केल्याचा दावा लावला. ज्युरीने जागचं न हलता तो फेटाळला. मात्र बदनामी झाली ती कॅरोलाइनची, आणि तिला स्वतःची बाजूसुद्धा मांडता आली नाही, कारण या खटल्यात बायको पक्षकारच नव्हती!

मग तिने पत्रकं लिहिली. 1839 मध्ये लॉर्ड चॅन्सेलरना, म्हणजे न्यायखात्याच्या प्रमुखांना, उद्देशून लिहिलेलं पत्रक तर पिअर्स स्टीव्हन्सन या पुरुषी नावाने काढलं. त्याच वर्षी कायदा झाला: सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा मागायला आईला कोर्टात जाता येऊ लागलं. तिला स्वतःला त्याचा काय उपयोग? जॉर्जने मुलं स्कॉटलंडला धाडली होती, तिथे हा कायदा लागू नव्हता.

1842 मध्ये धाकटा विल्यम घोड्यावरून पडला. साधं खरचटलं होतं, पण विष भिनलं. निरोप मिळताच ती धावली. स्टेशनवर न्यायला आलेल्या अनोळखी बाईंना तिने विचारलं, "बाळ बरा आहे ना?" त्या म्हणाल्या, "नाही, तो गेला." हे तिने स्वतः लिहून ठेवलंय.

1855 मध्ये तिने थेट राणी व्हिक्टोरियाला उद्देशून पत्र छापलं. आपल्याला समानता नको, संरक्षण हवं, असं ती म्हणे. त्यामुळे तिला स्त्री-हक्कांच्या चळवळीत धरावं की नाही असा प्रश्न पडतो. मला विचाराल तर नक्कीच धरावं. स्वतःचा संसार पुराव्यानिशी चव्हाट्यावर मांडायला छाती लागते. 1857 च्या घटस्फोट कायद्याने नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या कमाईला संरक्षण मिळालं, त्यामागे तिच्या लिखाणाचा वाटा होता.

1870 मध्ये तिकडे विवाहितेची कमाई तिचीच ठरली. 1874 मध्ये हिंदुस्थानातही तसा कायदा आला, पण हिंदू, मुसलमान स्त्रियांना वगळून. विम्याच्या कागदांवर आजही त्याचं नाव दिसतं.

जॉर्ज 1875 मध्ये वारला. तोवर ती कायद्याने त्याचीच बायको होती. मार्च 1877 मध्ये तिने जुने स्नेही सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेल यांच्याशी लग्न केलं आणि जूनमध्ये ती गेली.