कोकणातली नवी बांधकामे आणि पावसाचे पाणी: पूररेषेच्या वादाची पार्श्वभूमी

भरतीच्या वेळी पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाही, हे खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या सखल जमिनीत, भात पिकवणाऱ्यांनी फार पूर्वीच ओळखले होते. खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबंधाऱ्याच्या उघाडीची, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या दाराची, झडप भरतीच्या दाबाने मिटते, ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. १९७० नंतर खाडीकाठी नवी मुंबई वसवताना हेच तत्त्व धारण तलावांसाठी, म्हणजे भरतीत पावसाचे पाणी साठवून ओहोटीला सोडणाऱ्या तलावांसाठी, वापरले गेले. त्यातले बरेच तलाव आज गाळाने भरले आहेत आणि गाळावर कांदळवन वाढल्याने गाळाचा उपसा परवानग्यांत अडकला आहे. दक्षिणेकडच्या चिपळूण, महाड, खेडसारख्या नदीकाठच्या गावांत नव्या वस्तीसाठी असे तलाव राखायचा विचारही फारसा झाला नाही.

जुलै २००५ मध्ये महाड परिसरात दरडी कोसळून माणसे गाडली गेली, चिपळूण बुडाले. पूररेषेची चर्चा तेव्हापासून जोरात सुरू झाली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, हे निकष त्याआधीच ठरलेले होते. मात्र ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निर्धास्त, असा नाही. तेवढा पूर कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता शंभरात चार असते. चिपळूणने २००५ नंतर सोळाच वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, पुन्हा महापूर पाहिला.

डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने नदीकाठ ते निळी रेषा हा पट्टा नव्या बांधकामाला जवळपास बंद केला. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात जोते, म्हणजे इमारतीचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे, अशी अट आहे. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांनी याच रेषांना कडाडून विरोध केला. जुनी बाजारपेठ रेषांच्या आत येते, मग दुरुस्ती, कर्ज, विक्री सगळेच अडणार; आधी वाशिष्ठी नदीतला गाळ काढा, मग रेषा मारा, असे त्यांचे म्हणणे होते. ते रास्तच होते. गाळाने पात्र उथळ झाले की पाण्याची पातळी चढते आणि तिच्यासोबत रेषाही वर सरकते. आंदोलनानंतर गाळ उपसायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली.

या वादात उंच जोत्याचा प्रश्न मात्र मागे पडला. जोते खांबांवर उचलले तर पूर खालून निघून जातो. प्रत्यक्षात सोपा पडतो तो भराव. डोंगर खोदून आणलेली लाल माती डंपरने भातखाचरात ओतली जाते, वरून रोलर फिरतो आणि खाचरातून जाणारा पऱ्ह्या, म्हणजे छोटा ओढा, एखाद्या सिमेंटच्या नळात कोंबला जातो. इमारत सुरक्षित राहते, खाचरात पसरणारे पाणी शेजारच्या जुन्या घराच्या पडवीत शिरते.

पर्जन्यजल संधारणाची सक्ती पाचशे चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. तिचा उगम पाणीटंचाईत आहे, पुरात नाही. एप्रिल-मेत विहिरी आटणाऱ्या कोकणाला ती हवीच. पण जांभ्यातला शोषखड्डा जुलैपर्यंत तुडुंब भरतो आणि ऐन मुसळधार पावसात छपरावरचे पाणी थेट गटारात जाते.

बांधकामाआधी भूखंडावरून तासाला किती पाणी वाहत होते आणि नंतर किती वाहील, याचा हिशेब गांभीर्याने मांडला जातो तो मुख्यतः पर्यावरण मंजुरीच्या वेळी. ती मंजुरी लागते वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला. कोकणातल्या गावांत उभ्या राहणाऱ्या तीन-चार मजली इमारती त्या मर्यादेच्या कितीतरी खाली राहतात. एकाच खाचराच्या पट्ट्यात अशा दहा इमारती आल्या तरी त्या दहा वेगळ्या फायलींत मंजूर होतात.