सहा आठवड्यांनी काढायची पट्टी

खोकला आला, शिंक आली, जोरात हसू फुटलं, पाण्याचा हंडा उचलला की चार थेंब लघवी होऊन जाते. बाळंतपणं झालेल्या कितीतरी बायकांची ही तक्रार असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणी ती डॉक्टरांपुढे कधीच काढत नाहीत. घरून निघताना पॅड लावायचं, प्रवासात पाणी कमी प्यायचं, नातवंडांबरोबर उड्या मारायच्या नाहीत, असं जगणं अंगवळणी पडतं. यात मूत्राशय बहुधा ठणठणीत असतं. बिघाड असतो तो त्याच्या खालच्या आधारात. (लघवीची भावना होताच घाईनं पळावं लागणं हा वेगळा आजार. त्यावर औषधं असतात, आणि हा लेख त्याच्याबद्दल नाही.)

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटीमीटर लांबीचा. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो मूत्राशयावरही पडतो. तरी लघवी बाहेर येत नाही, कारण मूत्रमार्गाला खालून योनीची पुढची भिंत, स्नायू आणि तंतुमय पडदा यांचा पाट असतो. दाब आला की मूत्रमार्ग त्या पाटावर चेपला जाऊन बंद होतो. अमेरिकेतल्या जॉन डिलान्सी यांनी 1994 साली हे समजावताना बागेतल्या पाण्याच्या नळीचं उदाहरण दिलं: नळी टणक जमिनीवर असेल तर पाय देताच पाणी थांबतं, चिखलात असेल तर नळीच खाली रुतते आणि पाणी वाहत राहतं. बाळंतपणात ताणलेले स्नायू, वय, वजन, जुनाट खोकला यांनी हा पाट चिखलासारखा होतो.

यावर शस्त्रक्रिया पूर्वीही होत्या. 1961 साली जॉन बर्च यांनी सांगितलेल्या पद्धतीत पोट उघडून मूत्राशयाच्या मानेजवळची (म्हणजे जिथे मूत्राशय मूत्रमार्गाला जोडतं त्या जागेजवळची) योनीची भिंत वर उचलून टाक्यांनी बांधत. दुसऱ्या पद्धतीत रुग्णाच्याच पोटावरच्या तंतुमय पडद्याची पट्टी कापून ती झोळीसारखी मूत्रमार्गाखाली घालत. दोन्ही चालायच्या, आजही चालतात. पण जखम मोठी, दवाखान्यातला मुक्काम लांब.

मग पुढची गोष्ट सुरू होते ती ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये आणि स्वीडनमधल्या उप्सालामध्ये. पीटर पेट्रोस आणि उल्फ उल्मस्टेन या दोघा डॉक्टरांचं म्हणणं असं, की सगळे सर्जन मूत्राशयाच्या मानेच्या मागे लागलेत, पण खरा आधार हवा मूत्रमार्गाच्या मध्यावर, जिथे जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या खालच्या पुढच्या हाडापासून) येणारे बारीक अस्थिबंध, म्हणजे आधार देणारे चिवट पट्टे, पोचतात. हे अस्थिबंध सैल झालेत, तर नवे तयार करावेत. कसे? शरीरात परकी वस्तू गेली की त्याभोवती कोलॅजनचा, म्हणजे शरीरातल्या चिवट तंतूंच्या प्रथिनाचा, घट्ट थर जमतो, ही गोष्ट सर्जन मंडळी एरवी कटकट समजतात. या दोघांनी तिलाच कामाला लावलं. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले, मग स्त्रियांवर. पट्टी घालायची, सहा आठवडे ठेवायची, तिच्याभोवती कोलॅजन जमलं की पट्टी काढून घ्यायची. मागे उरेल तो शरीराचाच नवा अस्थिबंध.

मला या सगळ्या इतिहासात हा मुद्दा सर्वांत बोलका वाटतो. ती पट्टी मुळात काढायची होती. पण काढल्यावर अनेक जणींची गळती परत सुरू झाली. म्हणून ठरलं की पट्टी आतच राहू द्यावी.

आता प्रश्न आला कापडाचा. कायम राहायचं तर काय वापरायचं? हर्नियासाठी सर्जन पॉलिप्रॉपिलीनची जाळी वापरत होतेच. याच प्लास्टिकचे टाके घालण्याचे धागेही होते. विणकामातला एक बारकावा इथे फार महत्त्वाचा. जिवाणू साधारण एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा) असतो, तर त्याला खाऊन टाकणारी आपली पांढरी पेशी दहा मायक्रॉनहून मोठी. जाळीची छिद्रं बारीक असली, किंवा धागा अनेक तंतूंचा पिळलेला असला, तर जिवाणू फटीत दडतो आणि पेशीला आत शिरता येत नाही. म्हणून धागा एकतंतू हवा आणि छिद्रं 75 मायक्रॉनहून मोठी हवीत. अशा जाळीत पेशी शिरतात, रक्तवाहिन्या शिरतात, कोलॅजन शिरतं, आणि काही आठवड्यांत जाळी आणि ऊती यांचं वेगळेपण संपतं.

उल्मस्टेन यांनी 1996 साली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. सुमारे एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी, योनीत छोटा छेद, दोन सुया जघनास्थीच्या मागून वर, आणि पट्टी ताण न देता मूत्रमार्गाखाली नुसती टेकवलेली. भूल फक्त त्या जागेपुरती. बाई जागी असे आणि सर्जन तिला टेबलावरच खोकायला सांगत. गळती थांबेपर्यंत पट्टी हळूच जुळवायची, बस्स. अर्ध्या तासाचं काम आणि बहुतेकदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी. सुई आंधळेपणानं वर जाते म्हणून मूत्राशयाला भोक पडण्याचा धोका होता. तो टाळायला 2001 साली फ्रान्सच्या इमॅन्युएल डेलोर्म यांनी पट्टी मांडीच्या आतल्या बाजूनं नेण्याची वाट काढली. मूत्राशय वाचलं, पण जांघेतलं दुखणं वाढलं.

परिणाम चांगले होते हे मान्यच करायला हवं. उत्तर युरोपात अगदी सुरुवातीला ही शस्त्रक्रिया झालेल्या 90 स्त्रियांचा माग सतरा वर्षं ठेवला गेला. ज्या तपासणीसाठी सापडल्या, त्यांच्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणींची गळती खोकल्याच्या चाचणीत थांबलेली होती.

मग बिघडलं कुठे?

एक तर बाजारात. अमेरिकेत नवं उपकरण ‘आधीच्या अमुक उपकरणासारखंच आहे’ असं दाखवलं की मोठी चाचणी न करता परवानगी मिळण्याची वाट होती. उल्मस्टेन यांच्या पट्टीला 1998 साली तिथे परवानगी मिळाली ती ‘प्रोटेजेन’ नावाच्या आधीच्या पट्टीचा दाखला देऊन. आणि 1999 साली प्रोटेजेनच परत मागवावी लागली, कारण ती योनीची भिंत खाऊन बाहेर येत होती. दाखला बाद झाला, पण त्यावर उभी राहिलेली साधनं बाजारातच राहिली. पुढे कंपन्यांनी हेच प्लास्टिक मोठ्या तुकड्यांत, ‘अंग बाहेर येण्या’वरच्या शस्त्रक्रियेसाठी योनीतून घालायला दिलं. एक सेंटीमीटरची पट्टी वेगळी आणि तळहाताएवढी जाळी वेगळी. प्लास्टिक जास्त, आकसणारी ऊती जास्त, त्रासही जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं एप्रिल 2019 मध्ये या मोठ्या जाळ्यांची विक्री थांबवली. लघवीच्या पट्ट्या मात्र तिथे चालू राहिल्या. बातम्यांमध्ये या दोन गोष्टी सर्रास एकत्र कालवल्या जातात, त्यामुळे ‘जाळीवर बंदी’ असं कुठे वाचलंत तर कोणती जाळी आणि कुठला देश, एवढं आधी बघा.

तरी पट्टीही निर्दोष नाही. इंग्लंडमध्ये 2006 ते 2015 या काळात पट्टी घातलेल्या 95,057 स्त्रियांच्या सरकारी नोंदी तपासल्या, तेव्हा नऊ वर्षांत 3.3 टक्के जणींची पट्टी पूर्ण किंवा अर्धवट काढावी लागल्याचं दिसलं. आकडा लहान वाटतो. पण त्यात फक्त काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मोजल्या आहेत. मांडीत सतत कळ येणाऱ्या, बसता न येणाऱ्या, संबंधाच्या वेळी दुखणाऱ्या किंवा नवऱ्याला टोचतं म्हणून संकोचानं गप्प बसणाऱ्या या आकड्यात येतच नाहीत. सुरुवातीच्या अभ्यासांत मुख्य प्रश्न होता गळती थांबली का. पॅडचं वजन केलं, खोकायला लावलं, नोंद झाली. दुखतं का, हा प्रश्न बराच काळ कडेला होता. स्कॉटलंडमधल्या बायकांनी आरडाओरडा केल्यावर 2014 साली तिथल्या सरकारनं या शस्त्रक्रिया थांबवायला सांगितल्या, जुलै 2018 मध्ये इंग्लंडनंही थांबवल्या, आणि जुलै 2020 मध्ये ज्युलिया कंबरलेज यांच्या चौकशी समितीनं स्पष्ट लिहिलं की या स्त्रियांचं वर्षानुवर्षं कोणी ऐकूनच घेतलं नाही.

आणि काढणं सोपं नाही, याचं कारण वर आलंच आहे. जी छिद्रं जंतूपासून वाचवतात, त्यांच्यातूनच ऊती आरपार वाढलेली असते. पट्टी ओढून निघत नाही. मूत्रमार्ग, मूत्राशय आणि नसा सांभाळत तुकड्यातुकड्यानं कोरून काढावी लागते, आणि मांडीच्या वाटेनं घातलेली असेल तर आणखी अवघड. काढल्यावर गळती परत येऊ शकते आणि दुखणं जाईलच अशी खात्री नसते. पट्टी चालण्याचं आणि ती न निघण्याचं कारण एकच आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. अर्नोल्ड कीगल यांनी 1948 साली सांगितलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकून, तीनेक महिने नेटानं करणं हे पहिलं पाऊल. ‘लघवी अडवून धरा’ एवढ्या तोंडी सल्ल्यानं ते होत नाही. योग्य स्नायू आवळला जातोय का हे फिजिओथेरपिस्टनं तपासावं लागतं. नेदरलँड्समध्ये 460 स्त्रियांवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानं सुधारणा सांगणाऱ्या शस्त्रक्रियेच्या गटात 90.8 टक्के होत्या, तर फिजिओथेरपीच्या गटात 64.4. फिजिओथेरपीच्या गटातल्या जवळपास निम्म्या जणी मधेच शस्त्रक्रियेकडे वळल्या होत्या. काही जण यावरून व्यायाम फुकट असं ठरवतात. मला त्यात दिसतं ते हे, की उरलेल्या निम्म्यांना वर्षभरात पट्टीकडे वळावं लागलं नाही.

व्यायामानं भागलं नाही आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तर पुढची बाळंतपणं नक्की नाहीत ना, हे आधी बघायचं, कारण बाळंतपणानं दुरुस्त केलेला आधार पुन्हा सैल होऊ शकतो. सर्जनला विचारायचं की पट्टी कोणत्या वाटेनं जाणार, तुम्ही अशा किती केल्यात, आणि माझ्याच पोटावरच्या पडद्याची पट्टी वापरता येईल का. पट्टीच्या वेष्टनावर नाव आणि क्रमांक असलेलं स्टिकर असतं, ते आपल्या फाइलला चिकटवून घ्यायचं. पंधरा वर्षांनी कुण्या दुसऱ्या डॉक्टरला आत नेमकं काय आहे हे कळायचा तोच सोपा मार्ग असतो.