धूप-नकाशाच्या मागे दडलेला 72.6 फुटांचा प्लॉट

नदीच्या पाणलोटात माती वाहून जाण्याचा, म्हणजे धुपेचा, धोका दाखवणारा नकाशा हल्ली कुणीही बनवतं, लॅपटॉपवर जीआयएस, म्हणजे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, टाकलं, सॅटेलाइटचा डेटा फुकटात उतरवला की झालं, लाल म्हणजे धोका, हिरवं म्हणजे ठीक. पण यातल्या बऱ्याच नकाशांच्या पोटात जे सूत्र असतं ते नदीसाठी बनलेलंच नव्हतं, ते होतं शेताच्या एका तुकड्यासाठी.

गोष्ट अमेरिकेतली. तिथे मिझुरीत 1917 पासूनच छोट्या प्लॉटवरून वाहून येणारं पाणी आणि माती टाकीत साठवून मोजायचं काम सुरू होतं. पुढे 1930 च्या दशकात धुळीची वादळं उठली, ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ मातीसाठी सरकारच्या मागे लागला आणि 1935 मध्ये मृदासंधारणाचा कायदा झाला. गंमत बघा, वाऱ्याने उडालेल्या धुळीने सगळ्यांचे डोळे उघडले आणि त्याचा फायदा पावसाने होणारी धूप मोजणाऱ्यांनाही झाला. प्लॉट वाढले, नोंदी साठल्या, पण प्रत्येक ठिकाणचा हिशोब वेगळा. मग 1954 मध्ये पर्ड्यू विद्यापीठात हा सगळा डेटा एकत्र आणला, आणि विशमायर आणि स्मिथ या संशोधकांनी त्यातून यूएसएलई नावाचं, म्हणजे कुठेही लावता येईल असं माती-धुपेचं, सूत्र काढलं, 1965 मध्ये ते हँडबुक म्हणून आलं, 1978 मध्ये सुधारून परत.

सूत्र म्हणजे सरळ गुणाकार: पावसाचा मारा, मातीचा कच्चेपणा, उताराची लांबी आणि तीव्रता, वरचं पीक किंवा झाडोरा, आणि बांधबंदिस्तीसारखे उपाय. मोजमापाचा आधार होता 72.6 फूट लांब, 9 टक्के उताराचा उघडा प्लॉट. हा विचित्र आकडा कुठून आला? 6 फूट रुंदी धरली की बरोबर एकराचा शंभरावा भाग होतो, हिशोब सोपा, बस्स.

1972 ला जमिनीचे फोटो काढणारा पहिला लँडसॅट उपग्रह गेला, 2000 मध्ये स्पेस शटलमधून रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली, आणि उतार, झाडोरा हे सगळं घरबसल्या मिळायला लागलं. 1997 च्या हँडबुकमधलं त्याच सूत्राचं सुधारित रूप, आरयूएसएलई, होतंच हाताशी. मग काय, शेताचं सूत्र एकेका पिक्सेलला, म्हणजे नकाशाच्या एकेका चौकोनाला, लावून अख्खं खोरं रंगवायची पद्धतच पडली.

इथेच खरी गोची आहे. हे सूत्र पापुद्र्यासारखी निघणारी माती आणि बारीक चरांतून जाणारी माती धरतं, मोठ्या घळी नाही, ढासळणारे नदीकाठ नाहीत, आणि वरून सुटलेली माती खाली सपाटीवर थांबली तर तेही त्याला कळत नाही. म्हणून नकाशातले सुटलेल्या मातीचे सगळे टन बेरीज करून 'धरणात एवढा गाळ येणार' असं म्हणणं चूकच. विल्यम्स या संशोधकाने 1975 मध्ये पावसाच्या जागी वाहत्या पाण्याचा हिशोब घालून खास गाळासाठी वेगळं रूप काढलं ते त्यामुळेच, पण ते चालवायला प्रत्येक पावसाचं वाहतं पाणी लागतं, म्हणून लोक परत सोप्याकडेच वळतात.

शिवाय तोच डोंगर 90 मीटरच्या पिक्सेलमध्ये घेतला की चढ गुळगुळीत होतो आणि 30 मीटरच्या मानाने धोका कमी दिसतो, सॅटेलाइटचा फोटो पावसाळ्यानंतरचा हिरवागार घेतला तर आणखीच कमी. त्यामुळे कुणी टनांचा आकडा तोंडावर फेकला तर आधी पिक्सेल केवढा आणि फोटो कुठल्या महिन्यातला ते विचारावं, आणि नकाशा बघावा तो आधी कुठल्या उतारावर काम काढायचं हे ठरवण्यापुरता.