आधी रेघा दिसू द्या, मग अणुभट्टी

किरणोत्सर्गाचा धडा बहुतेकदा बॉम्बपासून सुरू होतो. मग मुलांच्या मनात आधी भीती बसते आणि विषय समजायचा राहून जातो. म्हणून पहिल्याच तासाला क्लाउड चेंबर, म्हणजे अदृश्य कणांच्या वाटा रेघांसारख्या दाखवणारी पेटी, लावावे. ज्या क्लाउड चेंबरसाठी सी. टी. आर. विल्सन यांना १९२७चे नोबेल मिळाले, त्याचा सोपा प्रकार वर्गात सहज जमतो.

पारदर्शक पेटीच्या तळाला आतून फेल्टची पट्टी तारेने अडकवा. गोंद नको, अल्कोहोलमध्ये तो सुटतो. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये चिंब भिजवा आणि पेटी काळ्या धातूच्या पत्र्यावर उलटी ठेवा. पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे उणे ७८ अंश सेल्सिअसचा घन कार्बन डायऑक्साइड. वाफ खाली उतरते आणि पत्र्यालगत अतिसंपृक्त थर तयार होतो, म्हणजे निमित्त मिळताच थेंब होतील इतकी वाफ साठते. त्यातून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर आयन तयार होतात आणि त्यांच्याभोवती थेंब जमतात. दहा-पंधरा मिनिटे थांबून खोलीत अंधार करा, टॉर्च बाजूने आडवा धरा. जाड, आखूड रेघ अल्फा कणाची (म्हणजे हेलियमच्या केंद्रकाची), बारीक आणि वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची. लांब, सरळ रेघ बहुधा वातावरणात वर खूप उंचावर जन्मलेल्या म्युऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची. किरणोत्सारी खडा वगैरे काहीही आणावा लागत नाही, आणि मुलांना सगळ्यात जास्त नवल याचेच वाटते.

रेघा दिसल्याच नाहीत तर आधी अल्कोहोल तपासा. जखमेला लावायचे ७० टक्क्यांचे चालत नाही, ९९ टक्क्यांचे लागते. नंतर कडा पाहा. फट राहिली तर आत शिरणारी हवा थर ढवळते. ड्राय आइस जाड हातमोज्यांनीच उचला, खिडक्या उघड्या ठेवा, तो झाकणबंद डब्यात कधीही ठेवू नका आणि जवळपास ज्योत नको.

आता प्रत्येक गटाला एका मिनिटातल्या रेघा मोजू द्या. आकडे जुळत नाहीत, आणि मुले पेटीला दोष देतात. इथेच १०० फासे काढावेत: प्रत्येक फासा म्हणजे एक अस्थिर अणुकेंद्रक, आणि सहा पडणे म्हणजे त्याचा ऱ्हास, म्हणजे कण बाहेर टाकून बदलणे. दर फेकीला सहा पडलेले बाजूला ठेवायचे. साधारण चौथ्या फेकीपर्यंत निम्मे उरतात: हे अर्धायुष्य. पुढचा फासा कोणता जाणार ते कोणालाच सांगता येत नाही, शंभरांचा आलेख मात्र दर वेळी जवळपास तसाच येतो. दहाच फासे घेतले तर तो इतका खडबडीत होतो की नियम दिसतच नाही.

अणुकेंद्रकाचा ऱ्हास असा आपल्या गतीने चालतो. तापवून, थंड करून तो थांबवता येत नाही. अणुभट्टी समजायला हे फार उपयोगी पडते. न्यूट्रॉन शोषणाऱ्या नियंत्रक कांड्या आत सरकवल्या की युरेनियमच्या विखंडनाची, म्हणजे केंद्रके फुटण्याची, साखळी थांबते, पण विखंडनातून उरलेल्या तुकड्यांचा ऱ्हास चालूच राहतो. भट्टी बंद केल्याक्षणी त्यातून पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते. ११ मार्च २०११ रोजी जपानमधल्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातल्या चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंप होताच आपोआप बंद पडल्या होत्या. नंतर त्सुनामीने डिझेल जनित्रे बुडवली, पाणी फिरवणारे पंप थांबले आणि बंद भट्ट्यांतले इंधन वितळले. इमारतींची छपरे उडाली ती हायड्रोजनच्या स्फोटांनी. इंधनाभोवतीच्या तापलेल्या झिर्कोनियमच्या नळ्यांची वाफेशी अभिक्रिया होऊन तो तयार झाला होता.