नोराचे दार आणि दशावताराचे बाकडे: आधुनिकतावादी रंगभूमी गोव्यात कशी पोचली

पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या एखाद्या देवळासमोर दशावताराचा खेळ बघितला असेल तर ते बाकडे आठवेल. मंचावर दुसरे काहीच नसते. एका कडेला पायपेटी, मृदंग आणि झांज, आणि मधोमध ते साधे लाकडी बाकडे, त्यावर एखादे कापड टाकलेले. राजा त्यावर बसला की ते सिंहासन होते. राजा उठून गेला आणि राणी त्यावर आडवी झाली की तोच पलंग. राक्षस त्यावर पाय देऊन उभा राहिला की डोंगर. संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्या उभ्या रचतात. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो आणि पुढे बसलेल्या आजीला बाकड्याचा डोंगर कधी झाला हे विचारावे लागत नाही.

हे बाकडे डोळ्यांसमोर ठेवूनच युरोपातल्या आधुनिकतावादी रंगभूमीकडे बघावे असे मला वाटते. तिकडच्या नाटकवाल्यांनी साठ-सत्तर वर्षे धडपडून जे मोकळेपण मिळवले त्यातले बरेचसे आपल्या देवळाच्या आंगणात होते. तरीही आपल्या नाटकाला त्या युरोपीय वाटेने जावेच लागले, आणि त्याला कारणे होती.

21 डिसेंबर 1879 रोजी कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याचे ‘अ डॉल्स हाउस’ पहिल्यांदा रंगले. शेवटी नायिका नोरा नवरा आणि मुले मागे टाकून घराबाहेर पडते आणि बाहेरचे दार बंद झाल्याचा आवाज येतो. त्यानंतर जेमतेम दहा महिन्यांनी, 31 ऑक्टोबर 1880 रोजी, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. तिकडे नाटकातले गाणे, अलंकारिक भाषा आणि रंगवलेले राजवाडे बाहेर काढून एका दिवाणखान्यात चार माणसे बोलत बसवली जात होती, त्याच वेळी आपण कण्वाच्या आश्रमात साकी-दिंडी गात होतो. यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. दोन रंगभूमींची घड्याळे वेगवेगळी लावलेली होती, इतकेच.

इब्सेनपासून सुरू झालेल्या वास्तववादाचे सूत्र सोपे होते. खोलीच्या तीन भिंती उभ्या करायच्या, चौथी काढून टाकायची आणि त्या जागी बसलेल्या प्रेक्षकाने दुसऱ्याच्या घरात डोकावतो आहोत असे समजायचे. आंद्रे आंत्वानने 1887 मध्ये पॅरिसला ‘तेआत्र लिब्र’ सुरू केले आणि पुढच्याच वर्षी खाटकाच्या दुकानाच्या प्रसंगात खरे मांस आणून टांगले. मॉस्कोत 1898 मध्ये स्टानिस्लाव्स्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांनी आर्ट थिएटर उभारले. तिथे चेखोवची नाटके करताना नटाला पहिल्यांदा सांगितले गेले की नुसते बोलू नकोस, बोलताना मनात काय चालले आहे तेही जग.

पण हे वास्तवाचे घर बांधून होते न होते तोच ते पाडणारे आले. आल्फ्रेड जारीचे ‘उबू रोआ’ 1896 मध्ये पॅरिसला झाले तेव्हा पहिल्याच शिवराळ शब्दावरून थिएटरात दंगा उसळला. स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गने स्वप्नाच्या तर्काने चालणारे नाटक लिहिले, इटलीच्या पिरांदेल्लोने 1921 मध्ये लेखकाच्या शोधात निघालेली सहा पात्रे तालमीच्या जागी आणून उभी केली, आणि जर्मन नाटककार ब्रेख्तने प्रेक्षकाला बजावले की विसरून जाऊ नकोस, हे नाटक आहे, बघ आणि विचार कर. त्यासाठी त्याने दिवे झाकले नाहीत, प्रसंगाआधी फलक लावले आणि ऐन रंगात आलेल्या गोष्टीत मध्येच गाणी घातली.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्रेख्तने 1935 मध्ये मॉस्कोत मेइ लान्फांग या चिनी नटाला पाहिले आणि भूमिकेत विरघळून न जाता भूमिका दाखवणारा अभिनय म्हणजे काय हे त्याला तिथे समोर दिसले. त्याच्याही आधी, 1931 मध्ये, पॅरिसच्या वसाहत-प्रदर्शनात फ्रेंच रंगकर्मी आंतोनँ आर्तोने बालीच्या नर्तकांचा खेळ पाहिला आणि शब्दांच्या गुलामीतून सुटलेल्या रंगभूमीचे स्वप्न त्याला पडले. युरोपीय आधुनिकतेच्या दोन मोठ्या प्रवाहांना असे पूर्वेकडचे पाणी मिळालेले आहे. आपण त्यांचे शिष्यत्व पत्करले तेव्हा ही बाब बहुतेकांच्या ध्यानात नव्हती.

आता गोव्याकडे येऊ. युरोप गोव्यात साडेचारशे वर्षे राहायला होता. पणजीच्या कचेऱ्यांत पोर्तुगीज चालत होती आणि शिकलेल्या घरांत फ्रेंच पुस्तके वाचली जात. असे असूनही आधुनिक युरोपीय नाटक आपल्याकडे लिस्बनहून आले नाही, मुंबईहून आले. एक तर 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक येईपर्यंत इथल्या हिंदू समाजाला बरोबरीचे नागरिकत्वच नव्हते. पुढे जी थोडी मोकळीक मिळाली तीही पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत आवळली गेली. छापायच्या आणि सादर करायच्या मजकुरावर सेन्सॉर बसला. खुद्द पोर्तुगालमध्ये ब्रेख्तची नाटके बंद होती, तर ती मांडवीच्या काठावर कुठून उतरणार? त्यामुळे मराठी वाचणारा गोमंतकीय इब्सेनला भेटला तो मराठीतूनच, मुंबईच्या बोटीने आलेल्या मासिकांतून आणि तिकडे जाऊन नाटके बघून परतलेल्यांच्या गप्पांतून.

आणि नेमक्या या वळणावर एक गोमंतकीय मुलगी उभी आहे.

1 जुलै 1933 रोजी मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. नॉर्वेचे ब्यर्न्सन, इब्सेनचे समकालीन, यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते मराठीत केले होते. विषय धीट होता. बाईकडून जे चारित्र्य मागता ते पुरुषाकडून का मागत नाही? मांडणीही तितकीच धीट. पडद्यावर रंगवलेला महाल जाऊन खोलीचे नेपथ्य आले, गाण्यांची संख्या अगदी थोडी झाली आणि स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. त्यात गायल्या आणि वावरल्या त्या ज्योत्स्ना भोळे, माहेरच्या दुर्गा केळेकर, फोंडा तालुक्यातल्या बांदिवड्याच्या. संगीत केशवराव भोळ्यांचे होते. ‘एकलेपणाची आग लागली हृदया’ हे पद आजही कुणी गुणगुणते तेव्हा त्यात तासभर चालणारी तानबाजी नाही, पात्राच्या मनाला जेवढी हवी तेवढीच चाल आहे, हे कानाला लगेच जाणवते. पुढे 1942 मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तही त्याच नायिका होत्या, आणि त्या नाटकामागे इब्सेनच्या नोराची सावली समीक्षकांनी पाहिली आहे. मराठी रंगभूमीवर आधुनिक स्त्रीचा पहिला ठळक चेहरा आणि आवाज गोव्याच्या मातीतला होता हे आपल्याकडे पुरेसे सांगितले जात नाही, याची मला खंत आहे.

गोव्याने संगीत नाटकाला नट-गायक पुरवले हे सगळेच सांगतात. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचे नाव आधी येते आणि ते योग्यच आहे. पण नाट्यसंगीत आटोपशीर करून नव्या काळाशी जोडणारे जितेंद्र अभिषेकीही मंगेशीचेच. मुंबईतल्या गोवा हिंदू असोसिएशनच्या ‘मत्स्यगंधा’ (1964) या नाटकाचे संगीत त्यांचे. याच संस्थेच्या कला विभागाने डिसेंबर 1970 मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणले. मुंबईत पोटासाठी गेलेल्या गोवेकरांची ही संस्था मराठी व्यावसायिक नाटकाचा एक खांब होऊन बसली.

साठच्या दशकातले मुंबई-पुण्याचे चित्र बहुतेकांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात. 1960 मध्ये विजया मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘रंगायन’ सुरू केले. इओनेस्कोच्या ‘खुर्च्या’ मराठीत आल्या. 1967 मध्ये तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधल्या लीला बेणारेला खोट्या कोर्टात खरी शिक्षा झाली. 16 डिसेंबर 1972 रोजी ‘घाशीराम कोतवाल’ आले आणि ब्राह्मणांची ती माणसांची भिंत डुलू लागली. 1974 मध्ये सतीश आळेकरांनी ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या माणसाला आपल्याच मरणाचे कीर्तन करायला लावले.

यातले चिं. त्र्यं. खानोलकरांचे ‘एक शून्य बाजीराव’ (1966) मला वेगळे काढावेसे वाटते, कारण ते आपल्या शेजारच्या मातीतले आहे. वेंगुर्ले-कुडाळच्या मुलखात वाढलेल्या या लेखकाने जुन्या लोकनाट्याचा सांगाडा घेऊन त्यात आधुनिक माणसाचे रितेपण भरले. पुढे ब्रेख्तच्या ‘कॉकेशियन चॉक सर्कल’चे ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे मराठी रूपही त्यांनीच केले. चिनी नटाकडून ब्रेख्तला मिळालेली गोष्ट बर्लिनमार्गे फिरून तेरेखोलच्या पलीकडच्या तीरावर आली ती अशी. इथल्या माणसाला ती परकी वाटली नाही. सूत्रधाराने गोष्ट थांबवून प्रेक्षकांशी बोलणे, संकासुराने चेष्टामस्करी करत वेदच पळवणे, हे काला या देवळातल्या लोकनाट्यात आणि दशावतारात आम्ही लहानपणापासून बघितले होते. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या कोंकणी तियात्रातही, ज्याचा पहिला प्रयोग 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला, दोन पडद्यांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, येतात. कथेशी संबंध नसलेले, राजकारण्याला चिमटे काढणारे हे गाणे संपले की कथा पुन्हा जिथे होती तिथून पुढे चालते. ब्रेख्तने हे पाहिले असते तर खूश झाला असता.

मग आपल्याला आधुनिकतावादाची गरज काय होती? हा प्रश्न गोव्यात अनेकदा ऐकू येतो आणि त्याचे उत्तर मला स्पष्ट दिसते. दशावताराचे बाकडे मोकळे आहे, पण त्यावर बसणाऱ्या देवाबद्दल कुणाला शंका नाही. शेवटी असुर मरतो, दहीहंडी फुटते, सकाळ होते. बेकेटच्या नाटकातही मंच मोकळाच, एक झाड आणि दोन माणसे. पण तिथे ज्याची वाट बघायची तो येतच नाही. 5 जानेवारी 1953 रोजी पॅरिसच्या तेआत्र द बाबिलॉनमध्ये ‘वेटिंग फॉर गोदो’ झाले तेव्हा दुसरे महायुद्ध संपून आठ वर्षेही झाली नव्हती. त्या मोकळ्या मंचामागे उद्ध्वस्त शहरे होती. मोकळा मंच आमच्याकडे होता. त्यावर उभे राहून शंका विचारण्याची सवय आम्हांला नव्हती, आणि ती आम्ही तिकडून घेतली.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला आणि सेन्सॉरची भीती गेली. 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली आणि 1983 मध्ये पणजीतल्या कांपालला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी रचलेली तिची वास्तू उभी राहिली. मांडवीकडे उघडी असलेली ही इमारत स्वतःच आधुनिक आहे, आणि तिच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर सज्जे आणि त्यांतली माणसे रंगवलेली आहेत. म्हणजे प्रेक्षागृहातही नाटक आणि खरे यांतली सीमारेषा पुसट केलेली.

पण गोव्याच्या खेड्यापाड्यांत नवे नाटक पोचवले ते अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेने. मुंबईत प्रायोगिक नाटकाला छबिलदासच्या सभागृहासारखी जागा आणि ठरावीक शहरी प्रेक्षक मिळाला. गोव्यात तसा वेगळा वर्ग नव्हता. जत्रेला भगवी कफनी घालून संगीत नाटकात उभा राहणाराच माणूस स्पर्धेला तेंडुलकर किंवा एलकुंचवार करायचा. दिवसा शाळेत शिकवणारा, बँकेत किंवा वीज खात्यात नोकरी करणारा, संध्याकाळी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत, तालमीला हजर. एकाच अंगात दोन रंगभूमी वावरत होत्या, आणि त्यांचे एकमेकींशी भांडण व्हायचे ते तालमीतच.

असे एक भांडण मी जवळून पाहिले आहे. आमच्या गावच्या मंडळाने स्पर्धेसाठी दोन पात्रांचे, न-नाट्याच्या, म्हणजे बेकेट-इओनेस्कोच्या, वळणाचे एक नाटक घेतले होते. संहितेत पानोपानी ‘स्तब्धता’ असे लिहिलेले. प्रॉम्प्टिंगला बसत होते ते गावचे जुने तबलजी, चाळीस वर्षे उत्सवी नाटकांना साथ केलेले. नट थांबला की ते सवयीने पुढचे वाक्य जोरात फेकायचे. तीन दिवस दिग्दर्शक विनवत राहिला, “काका, तो विसरलेला नाही हो, तो मुद्दाम गप्प आहे.” काकांना पटेना. नाटकात गप्प बसायचे तर लोक तिकीट कशाला काढतील, असे त्यांचे म्हणणे.

चौथ्या दिवशी ते स्वतःच पेन्सिल घेऊन आले. संहितेतल्या प्रत्येक ‘स्तब्धता’पुढे त्यांनी बारीक अक्षरांत आकडे घातले होते: चार मात्रा, आठ मात्रा, एका ठिकाणी सोळा. त्या संध्याकाळी नट गप्प झाला तेव्हा काकांचा उजवा हात मांडीवर अलगद पडत होता. सोळा मात्रांच्या त्या जागी समेवर येऊन हात थांबला, आणि बरोबर तेव्हाच समोरच्या पात्राने मान वर केली.