वाळा : उद्यानातील लागवड

वाळा हे तृण कुलातील बहुवर्षायू गवत असून हिंदीत त्यास खस व संस्कृतात उशीर म्हणतात. ताट्या, सरबत व माठातील पाणी यांसाठी होणारा त्याच्या सुगंधी मुळांचा उपयोग सर्वपरिचित आहे. येथे अवर्षणात टिकणारे शोभेचे गवत म्हणून त्याचा विचार केला आहे.

स्वीडिश वनस्पतिवैज्ञानिक लिनीअस यांनी १७७१ मध्ये त्याचा समावेश फॅलॅरिस प्रजातीत केला. पुढे ते दीर्घकाळ व्हेटिव्हेरिया प्रजातीत गणले गेले. १९९९ मध्ये डच वनस्पतिवैज्ञानिक व्हेल्डकाम्प यांनी ही प्रजाती क्रायसोपोगॉनमध्ये विलीन केल्यानंतर क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडिस हे नाव रूढ झाले.

मूलस्थान भारतीय उपखंडात असावे, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो त्याच्या दोन प्रकारांच्या संबंधाविषयी. उत्तर भारतात नदीकाठी व पाणथळ जागी आढळणाऱ्या प्रकाराला रुजणारे बी येते, तर दक्षिण भारतीय प्रकार जवळजवळ वंध्य असून फुटव्यांनीच वाढविला जातो. हा वंध्य प्रकार निसर्गतः उद्‌भवला की मुळांसाठी पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या निवडीतून आला, याबद्दल दोन्ही मते मांडली जातात. त्यांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण बी न धरणारे गवत माणसाने फुटवे नेल्याशिवाय दूरवर पोहोचणे कठीण होते. ॲडम्स व डॅफर्न या संशोधकांच्या १९९८ मधील डीएनए परीक्षणात दक्षिण आशियाबाहेरील वंध्य वाळ्याचे बहुतेक नमुने ‘सनशाइन’ या एकाच वाणाशी जुळले, हेही या मताला पूरक आहे.

बागेसाठी हा फरक निर्णायक ठरतो. फाउंटन गवतासारखी काही शोभेची गवते बियांनी पसरून हवाई बेटांवर उपद्रवी तण बनली आहेत. दक्षिणी वाळा मात्र लावलेल्या जागीच ठोंब धरून राहतो. म्हणून त्याचेच फुटवे मिळवून लावावेत.

मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात व अनुकूल जमिनीत वर्षभरात सुमारे ३ मी. खोल पोहोचतात. लागवडीसाठी पावसाळ्याच्या तोंडी जुना ठोंब खणून दोन-तीन फुटव्यांचे जुडगे वेगळे करतात, पाने वीतभर व मुळे सुमारे १० सेंमी. राखून छाटतात आणि कुंपणासाठी १० ते १५ सेंमी. अंतरावर लावतात, सुटा ठोंब शोभेसाठी हवा असल्यास भोवती सुमारे १ मी. जागा सोडावी. पहिल्या हंगामात पाऊस ओढ देईल तेव्हा पाणी द्यावेच लागते, कारण अवर्षण सोसण्याची शक्ती मुळे खोल गेल्यावरच येते. दाट सावली त्यास मानवत नाही. दीड मीटरपर्यंत वाढलेला ठोंब ३० ते ४५ सेंमी. उंचीवर कापल्यास फुटवे वाढतात. पानांच्या कडा धारदार असल्याने पायवाटेला लागून लावू नये.

कर्नाटकातील गुंडलुपेट परिसरात शेताच्या हद्दीवर वाळ्याच्या ओळी लावण्याची जुनी रीत आहे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेतील ग्रीनफील्ड व ग्रिमशॉ यांनी मृद्‌संधारणासाठी या पद्धतीचा प्रसार केला. उताराच्या बागेत समपातळीवर लावलेली अशी सलग ओळ वाहून जाणारी माती अडविते. मात्र सुगंधी मुळांसाठी ठोंब समूळ खणावा लागत असल्याने त्यासाठी सपाट जागी वेगळा वाफा राखावा.